चुडाव्याहून गेली ती कोण?

आमच्या बोरीला रेल्वे नाही, आणि ब्लूज नावाच्या संगीताला रेल्वे लागते. माझी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत जी काही बेअब्रू झाली, तिचं मूळ या एवढ्याशा गैरसोयीत आहे.

ब्लूज म्हणजे काय, हे मी बोरीतल्या इतक्या लोकांना समजावून सांगितलं आहे की आता तापात बरळलो तरी तेच बरळेन. ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं. कापसाच्या शेतात राबताना, अन्याय सोसताना त्यांनी ते उभं केलं. (कापूस म्हटल्यावर बोरीतले लोक जरा सावरून बसतात. "तिकडं भाव काय हाय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला!) या गाण्यांत बहुतेक वेळा एक बाई असते, ती सोडून गेलेली असते आणि जाताना रेल्वेनं गेलेली असते. मागे राहिलेला माणूस गिटार छेडत बसतो. एवढंच. पण ते ऐकताना पोटात कसंतरी होतं, आणि ते कसंतरी होणं मला फार आवडलं.

हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते परभणीला कॉलेजात असताना, खोलीतल्या मित्राच्या मोबाइलवर. ऐकताक्षणी वाटलं, हे माझंच आहे. (का वाटलं ते विचारू नका. अण्णा, म्हणजे वडील, झेडपीच्या शाळेत मास्तर, जेवायला रोज साजूक तूप, आणि आयुष्यात मार खाल्ला तो फक्त पाढ्यांसाठी.) पुढे तो मित्र नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना स्वतःची जुनी गिटार माझ्याकडे टाकून गेला, कारण ती पुण्याला न्यायच्या लायकीची राहिली नव्हती. मी ती खताच्या पोत्यात गुंडाळून एसटीनं बोरीला आणली. कंडक्टरनं विचारलं, "फवारणीचा पंप हाय का?" मी हो म्हणालो. खरं सांगत बसलो असतो तर बोरी मागं पडून जिंतूर आलं असतं.

ब्लूजमध्ये तारांवरून काचेची किंवा लोखंडाची नळी घसरवतात, म्हणजे सूर रडल्यासारखा लांबतो. मी मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडून पाइपाचा एक तुकडा कापून घेतला आणि बोटात घातला. तो सुरेख बसला. इतका सुरेख बसला की निघेना! आईनं खोबरेल तेल लावलं, अण्णांनी साबण लावला, राणीनं (ही माझी धाकटी बहीण) फोटो काढला. शेवटी मिस्त्रीकडेच जाऊन तो पाइप कापून काढावा लागला. मिस्त्री काम करता करता म्हणाला, "बोअरमधी अडकलेला पाइप काढलाय मी, पर माणसात अडकलेला पयलाच."

रियाज सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू वाटीत ओवा घेऊन आल्या.

"लेकराचं पोट लय दुखायलंय का हो? सकाळधरून कण्हायलंय."

"दुखत न्हाई," आई म्हणाली, "गायलाय."

काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि ओवा ठेवूनच गेल्या.

खरी अडचण वेगळीच होती. माझ्याकडे दुःख नव्हतं. ब्लूज गायचं तर काहीतरी भोगलेलं हवं, आणि आमच्या घरात भोगण्यासारखं काही शिल्लकच ठेवत नसत. दुःखी व्हायचं म्हणून मी एकदा जेवलो नाही, तर आईनं भजी तळली. प्रेमभंग व्हावा तर त्याआधी प्रेम व्हायला पाहिजे, आणि ते खातं अजून उघडायचं होतं. आईला मात्र हे मान्य नव्हतं. "माझ्या इशंबरला बघून पोरी वळून वळून बघत्यात," असं ती नळावर सांगायची. (माझं नाव विश्वंभर, आमच्याकडे त्याचं इशंबर होतं.) पोरी वळून बघत असतील तर त्या माझ्या पाठीवरचं खताचं पोतं बघत असणार, पण आईच्या अभिमानात मी कधी ढवळाढवळ केली नाही.

शेवटी मी ठरवलं की बाई मनानंच तयार करायची, आणि तिला मनानंच घालवायची. पण घालवायची कशी? बोरीहून ती गेली तर एसटीनं जाणार. एसटीवर दुःख बसत नाही, कारण एसटीत त्यालाही उभं राहावं लागतं. म्हणून रेल्वेचं गाव शोधायला घेतलं. पहिल्यांदा पेडगाव घेतलं होतं, 'घाव' जुळत होता. पण पेडगाव हे माझ्या आत्याचं सासर, आणि आत्या भांडायला कारण शोधत असते. मग पूर्णेच्या पुढचं चुडावा घेतलं. तिथं कौसामावशी राहायची, म्हणजे आईची सख्खी बहीण. ती कशाला काय म्हणेल! शिवाय चुडाव्याला 'दुरावा' असा काही जुळला की मी स्वतःवरच खूश झालो. ('पुरावा' हा शब्दही हाताशी होता. तो मी तेव्हाच वापरायला हवा होता.)

गाणं असं झालं:

*सकाळच्या गाडीत बसली, मागं राहिला चुडावा,*
*ओ, सकाळच्या गाडीत बसली, मागं राहिला चुडावा,*
*तिच्या डोळ्यांत पाणी, माझ्या नशिबी दुरावा.*

पहिली ओळ दोनदा म्हणायची, हा ब्लूजचा नियमच आहे. मी डोळे मिटून ते म्हटलं, राणीनं मोबाइलवर ते टिपलं आणि मला न विचारता घरच्या ग्रुपवर टाकलं. या ग्रुपचं नाव 'गोतावळा'. त्यात आमचे परभणी जिल्ह्यातले यच्चयावत पाहुणे आहेत आणि तिथं एरवी सकाळी फुलं आणि संध्याकाळी वाढदिवस एवढंच येतं. माझ्या गाण्यावर कुणीच काही बोललं नाही. एक अंगठा नाही, एक फूल नाही. मी समजलो, लोकांना आवडलं नाही. कलावंत किती भोळा असतो! ग्रुपवर शांतता होती, कारण सगळे एकमेकांना फोन करायला लागले होते.

कौसामावशीचा फोन आला तो थेट आईला.

"ताई, कोण हाय ती?"

"कोण गं?"

"चुडाव्याची. गाडीनं गेलेली. इशंबरनं सोताच सांगितलंय की!"

आईनं मला हाक मारली. मी दोघींना समजावलं की अशी कोणी बाई नाही, ती मनानं केलेली आहे. मावशी फोनवर हसली.

"मनानं केलेल्या बाईला कोणी गावाचं नाव देतंय व्हय? अन् दोनदा म्हणलास तू. एकदा म्हणून मन भरलं न्हाई, येवढं लागलंय लेकराला!"

"मावशी, दोनदा म्हणायची पद्धतच आहे."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. तू काही बोलू नको. मी बघते."

आता कौसामावशीचं 'मी बघते' म्हणजे काय, हे सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाचं स्थळ आलं की चौकशी करतात. मुलाचं पिणं-खाणं, मुलीचा स्वभाव, घरातली भांडणं, कोणाच्या पायाला भेगा आहेत इथपर्यंत सगळं काढून आणायचं. या कामात मावशीचा हात धरणारं पूर्णा तालुक्यात कोणी नाही. गिरणीत दळण ठेवून येईपर्यंत ती तीन पिढ्या गोळा करते. तर मावशी गाणं घेऊन कामाला लागली. सकाळच्या गाडीनं चुडाव्याहून जातं कोण? भाजीवाल्या, कामावर जाणारे पुरुष, कॉलेजची पोरं. पोरी त्या मानानं मोजक्याच. त्यातली डोळ्यांत पाणी आणून गेलेली कोण? आणि झालं! सगळ्या फलाटाला आठवत होतं. बालाजीरावांची वर्षा. नांदेडला नर्सिंग शिकायला गेली, त्या पहिल्या दिवशी खिडकीशी बसून हमसून हमसून रडली होती. वर्षा आता नांदेडहून सुट्टीला घरी आलेलीच होती.

मावशीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं सोयरीक बसते का ते पाहिलं, बसत होती. कुळं पाहिली, जमत होती. मग ती आनंदानं बालाजीरावांच्या घरी गेली, मोबाइल काढला, माझं गाणं लावलं आणि म्हणाली, "भाऊजी, आता लपवून काय फायदा? लेकरं एकमेकांवर जीव टाकायलेत."

बालाजीरावांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग मावशीला म्हणाले, "मी तिला शिकायला पाठवली, अन् हिकडं तिच्यावर गाणी व्हायलीत?" आणि लेकीला म्हणाले, "बॅग सोड. नांदेड बंद."

म्हणजे बघा. मी कधी न पाहिलेल्या एका मुलीचं शिक्षण मी एका यमकासाठी बंद पाडलं होतं! तिची परीक्षा तोंडावर आली होती, दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी चुकली तर प्रात्यक्षिकं बुडणार होती, असं मावशीनंच आम्हाला सांगितलं. सांगताना तिचाही आवाज उतरला होता. बालाजीरावांचा निरोप होता: पोराला, त्याच्या मायबापाला घेऊन या, बैठकीत बसून काय ते बोलू. आणि ते वाद्यही घेऊन या.

मला रात्रभर झोप नाही. आईला मात्र वेगळ्याच कारणानं नव्हती. "गोरी हाय म्हणे," ती अंधारात म्हणाली. "नर्स म्हणल्यावर घरात औषधपाण्याची चिंता न्हाई." मी शपथ घेऊन सांगितलं की मी त्या मुलीला ओळखत नाही. आई म्हणाली, "आसं म्हणायचंच असतं पहिल्यांदा. तुझे अण्णा बी म्हणले होते."

अण्णा म्हणाले, "मी खरंच ओळखत नव्हतो!"

सकाळी आम्ही एसटीनं परभणी आणि तिथून रेल्वेनं चुडावा गाठलं. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती. अण्णा वाटेत गाण्याचा कागद मागून घेऊन तपासत होते. मास्तरच ते! "तिसऱ्या ओळीत मात्रा जास्ती झाल्यात," पूर्णेच्या पुढं ते म्हणाले. "मुलीचं आयुष्य लावायलास पणाला, निदान छंद तरी सांभाळायचा."

बैठक मावशीच्या ओसरीवर होती. सतरंजीवर बालाजीराव, त्यांचे चुलते सोपानतात्या आणि गावातली चारदोन वडीलधारी माणसं. बायका आतल्या दारात. सोपानतात्या वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून न्याय त्यांच्याकडं. त्यांनी पोत्यातून निघालेल्या गिटारीकडं असं पाहिलं, जसं चोरीच्या मालाकडं बघतात.

"गा," बालाजीराव म्हणाले.

"आता?"

"मोबाइलवर आवाज नीट कळत न्हाई. समोर गा."

माझ्या आयुष्यातला हा पहिला जाहीर कार्यक्रम! कलावंत ज्या दिवसाची स्वप्नं बघतो तो हा दिवस. श्रोते पुढं बसलेले, पुरेसे गंभीर, जागचे हलायला तयार नसलेले. मी डोळे मिटून गायलो. उघडले तेव्हा बालाजीरावांच्या कपाळावरची शीर तटतटली होती आणि आई मान डोलवत होती.

"पयली ओळ दोनदा कामून?" सोपानतात्यांनी विचारलं.

"पद्धत आहे, तात्या. अमेरिकेतली."

"तिथल्या लोकास्नी एका बारीत कळत न्हाई?"

"तसं नाही. दुःख मुरावं म्हणून."

"बरं. गाडी कोणती?"

"आं?"

"सकाळी जी गेली ती. पॅसेंजर का एक्स्प्रेस?"

मला माहीत नव्हतं. मी अंदाजानं एक्स्प्रेस म्हणालो. दोघातिघांनी एकदम माना हलवल्या: एक्स्प्रेस चुडाव्याला थांबत नाही. माझ्या जिवात जीव आला. मी म्हणालो, "बघा! म्हणजे मला इथलं काहीच माहीत नाही. ही बाई खोटी, गाडी खोटी, सगळं खोटं!"

"येवढं खोटं बोलणारा माणूस," बालाजीराव म्हणाले, "हेच तेवढं खरं बोलायलाय, हे कशावरून?"

मी अण्णांकडं बघितलं. ते चष्मा पुसू लागले.

मग सोपानतात्यांनी तोडगा काढला. मोठा हुशार तोडगा होता, मला तरी तेव्हा तसं वाटलं. "दारात पोरी उभ्या हायत," ते म्हणाले. "ह्यातली वर्षा कोणती, दाखव. वळखत नसशील तर सुटलास."

मी दाराकडं पाहिलं. तिघी-चौघी उभ्या होत्या. आता माझं डोकं असं चाललं: आपण खरंच ओळखत नाही हे ठीक, पण नेम चुकून बरोबर लागला तर? म्हणून मुद्दाम चुकीची दाखवायची. ज्या मुलीचं शिक्षण बंद पडलंय ती रडलेली असणार. एकीचे डोळे लाल होते, म्हणजे वर्षा तीच. दुसरी रागानं बघत होती. तीही असू शकेल. पण एक ओढणीचं टोक तोंडात धरून हसू दाबत होती. ही काही वर्षा नाही! मी छाती पुढं काढून तिच्याकडं बोट केलं.

"ही."

"बरोबर वळखली!" बालाजीराव उठून उभे राहिले.

"मी म्हणलं नव्हतं?" मावशी आतून ओरडली. चौकशी खरी ठरल्याचा आनंद तिला आवरेना. (लाल डोळ्यांची ती मावशीची सून. कांदे चिरून आली होती.)

"अहो, मी चुकीची दाखवायला गेलो होतो!" मी कळवळून म्हणालो.

"म्हंजी बरोबर कोणती ते म्हाईत होतं!" सोपानतात्या म्हणाले.

आता यातून मला देवसुद्धा सोडवू शकला नसता. आईनं पदर सारखा केला. विहीणबाई कोणत्या ते ती दारात शोधायला लागली होती. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, ते शाळेत 'ढ' मुलाकडं बघतात तसं. बालाजीराव म्हणाले, "झालं. शिक्षण झालं तिचं. आता बाकीचं बोला."

तेव्हा ती ओढणी सोडून बाहेर आली. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"बाबा, मी त्या दिवशी रडले. समद्या गावानं बघितलं. पण कामून रडले ते एकानं बी इचारलं न्हाई."

ती बालाजीरावांकडं वळली.

"तुमच्यामुळं रडले. डबा माझ्या हातात दिला अन् तुमी फाटकापाशी जाऊन उभे ऱ्हायलात. गाडी सुटली तरी पाठ करूनच. मी खिडकीतून हात करायले, तुमी एकदा बी वळला न्हाई. मला वाटलं, मी शिकावं हे तुमच्या मनातच न्हाई. अन् आज बंद केलंत तवा खरं वाटलं."

बालाजीराव खाली सतरंजीकडं बघत राहिले. मोठा दांडगा माणूस, पण हाताचं काय करावं ते त्यांना कळेना. मग ते हळूच म्हणाले, "वळलो असतो तर तुला उतरवून घेतलं असतं, बाई."

सोपानतात्यांनी टोपी काढून परत घातली. माझ्या पोटात ते कसंतरी झालं. गिटार माझ्या मांडीवर होती आणि मला ती कुठंतरी लपवावीशी वाटली. इतके महिने मी बोरीत बसून एक खोटी बाई रडवत होतो, आणि इथं एका बापानं पाठ फिरवून उभं राहण्यात सगळं उरकलं होतं, तेही एकदाच, दोनदा न म्हणता.

बालाजीरावांनी लेकीला जवळ घेतलं. "जा," ते म्हणाले. "दुपारची गाडी धर."

मला वाटलं, संपलं. पण बैठक अशी संपत नसते. सोपानतात्या म्हणाले, "घरातलं मिटलं. गावाला काय सांगायचं? गाणं समद्यांच्या मोबाइलात गेलंय. उद्या पोरीला लोक नावं ठेवतील. तिच्यावर बोट यायला नको." सगळ्यांनी विचार केला. मी सुचवलं की मी दुसरं गाणं करतो, ज्यात बाई पेडगावहून जाईल. ते कोणी ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

मग वर्षाच बोलली. "तात्या, त्यात काय इतकं. ह्यांच्याकडं बघा की जरा नीट."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं. मी सरळ बसलो, केस मागं केले, त्यानं काही फरक पडला नसावा.

"मी ह्यांच्यापायी रडेन, असं वाटतंय का कुणाला?"

एकेकाचा चेहरा पटल्यासारखा व्हायला लागला. सोपानतात्यांनी हनुवटी खाजवली आणि ते आईकडं वळले.

"ताई, तुमी माय हायत. तुमी सांगा. तुमच्या पोरावर जीव लावून कोणी पोरगी रडत जाईल, असं हाय का काही? तुमी न्हाई म्हणलात तर गाव ऐकंल. मायच म्हणती म्हणल्यावर विषय संपला."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग वर्षाकडं पाहिलं. नळावर उभी राहून गेली कित्येक वर्षं तिनं माझी जी कीर्ती वाढवली होती, ती सगळी तिच्या डोळ्यांपुढून गेली असणार. ती काय म्हणणार ते मला कळलं, आणि तिनं तेच म्हणावं असं मलाही वाटलं. तरीपण ती जरा कमी लवकर म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"न्हाई हो," आई म्हणाली. "ह्याच्यासाठी कोण रडतंय?"

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण एकदा साक्ष द्यायची म्हटल्यावर आई अर्धवट देत नाही. "पोरीशी बोलायचं म्हणलं की ह्याला घाम फुटतो. राणीच्या मैतरणी आल्या तर वर माळवदावर जाऊन बसतो. बोटात पाइप अडकवून घेतला होता, इचारा ह्यांना! शर्टाची बटनं आजून मी लावते."

"ती एकदाच लावली होती!" मी म्हणालो.

"गप, मी सांगायले ना. आमचं पोरगं तसल्या कामाचं न्हाईच."

"मी बी तेच म्हणणार होतो," अण्णा म्हणाले. दिवसभरात ते पहिल्यांदाच कशाला तरी पूर्ण पाठिंबा देत होते.

निकाल एकमतानं लागला. पोरगी निर्दोष, पोरगा निरुपयोगी. चहा आला. बालाजीरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको." आपल्यामुळं कोणाचंही काही बिघडणं शक्य नाही हे सिद्ध झालं की लोक किती प्रेमानं वागतात!

दुपारच्या गाडीला आम्ही सगळेच स्टेशनवर होतो. बालाजीराव लेकीला फलाटावर सोडणार होते. ते गाडीत चढले ते उतरलेच नाहीत, थेट नांदेडपर्यंत गेले. वर्षा खिडकीतून मला म्हणाली, "गाणं वाईट न्हाई. पण घसा एकदा दाखवून घ्या. आमच्याकडं सकाळी तपासत्यात." गाडी गेली. आई डोळे पुसत होती. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "चांगली पोरगी होती रे."

वर्षा पास झाली, आता नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स आहे, बालाजीराव सगळ्यांना पेढे देताना आमच्याकडेही पाठवायला विसरले नाहीत. म्हणजे सगळं नीट झालं. एकच राहिलं. गावाला सांगायची जबाबदारी बैठकीनं कौसामावशीकडं दिली होती, आणि मावशीनं ती घेतली. तिनं आईची साक्ष शब्दन्शब्द 'गोतावळा'वर टाकली. माझ्या गाण्यावर एक अंगठा आला नव्हता. या मजकुरावर अंगठ्यांचा पाऊस पडला. तिथून तो परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड असा फिरला. जिथं जिथं आमची सोयरीक बसू शकते, तिथं तिथं पोचला.

परवा पाथरीकडचं एक स्थळ आलं. मुलगी शिकलेली, माणसं चांगली. त्यांनी चौकशी केली, तेव्हा मावशीनं अभिमानानं सांगितलं, "पोरगं एकदम साफ. त्याच्यापायी आजवर एक पोरगी रडलेली न्हाई, बैठकीत सिद्ध झालंय!" आई खूश, अण्णा खूश, मी नवा शर्ट घेतला. दुसऱ्या दिवशी मुलीचा निरोप आला. ती म्हणाली होती, "ज्याच्यासाठी आजवर कोणीच रडलं न्हाई, त्याच्यासाठी मी एकलीनं किती रडायचं?"

स्थळ मोडलं. आई त्या मुलीला अजून नावं ठेवते, पण मी ठेवत नाही. ब्लूजची याहून चांगली ओळ मी आजवर ऐकलेली नाही, आणि ती मला सुचली नाही याचंच मला स्थळ मोडल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.